तापन-आलेख आणि अप्रकट उष्मा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथील प्रश्न बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी माध्यमाच्या दहावीच्या मुलांचे, पीयूसीला (अकरावी-बारावीला) गेल्यावर तोच धडा इंग्रजीत पुन्हा वाचणाऱ्यांचे आणि काही त्यांच्या पालकांचे आहेत. पालकांमध्ये गुऱ्हाळ चालवणारे आहेत, फाउंड्रीत भट्टीपुढे उभे राहणारे आहेत आणि रोज चार लिटर दूध आटवणारेही आहेत. त्यांचे प्रश्न पुस्तकातल्या प्रश्नांपेक्षा अवघड निघाले, म्हणून काही उत्तरे लांबली आहेत.

तापन-आलेख म्हणजे नेमके काय?

एखाद्या पदार्थाला सारख्या गतीने उष्णता देत राहावे, ठरावीक वेळाने त्याचे तापमान नोंदवावे आणि आडव्या अक्षावर वेळ किंवा दिलेली उष्णता, तर उभ्या अक्षावर तापमान घेऊन बिंदू जोडावेत. मिळणारी रेषा म्हणजे तापन-आलेख. उणे २० अंश सेल्सिअसचा बर्फ घेऊन त्याची १२० अंशांची वाफ होईपर्यंत तापवत गेल्यास या रेषेचे पाच तुकडे दिसतात: बर्फ तापतो तो चढ, बर्फ वितळतो ती सपाट रेषा, पाणी तापते तो दुसरा चढ, पाणी उकळते ती दुसरी आणि बरीच लांब सपाट रेषा, आणि शेवटी वाफ तापते तो तिसरा चढ. चढावर तापमान बदलते, अवस्था तीच राहते. सपाटीवर अवस्था बदलते, तापमान तेच राहते.

अप्रकट उष्मा, सुप्त उष्णता, गुप्त उष्णता, लेटंट हीट: हे वेगवेगळे आहेत का?

नाहीत. पुस्तकागणिक शब्द बदलतो, राशी एकच. एक किलोग्रॅम पदार्थाची अवस्था तापमान न बदलता पालटण्यासाठी जितकी उष्णता लागते, तिला विशिष्ट अप्रकट उष्मा म्हणतात. बर्फ वितळण्यासाठी तो किलोमागे ३३४ किलोज्यूल आणि १०० अंशांवर पाण्याची वाफ होण्यासाठी २,२५७ किलोज्यूल इतका आहे. जुन्या एककात हेच आकडे ग्रॅममागे ८० आणि ५४० कॅलरी असे येतात.

सपाट भागात शेगडी चालूच असते, मग ती उष्णता जाते कुठे?

हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी योग्य ठिकाणी अडलेला असतो. तापमान हे रेणूंच्या हालचालीचे, म्हणजे त्यांच्या गतिज ऊर्जेचे माप आहे. पदार्थात ऊर्जेचा आणखी एक साठा असतो, तो रेणूंनी एकमेकांना धरून ठेवल्यामुळे निर्माण होणाऱ्या स्थितिज ऊर्जेचा. बर्फ वितळत असताना आपण दिलेली उष्णता रेणूंना अधिक वेगाने पळवण्याऐवजी त्यांची बर्फातली घट्ट मांडणी मोडण्यात खर्च होते. वेग वाढत नाही, म्हणून तापमापीचा पारा हलत नाही. पाणी उकळताना तर रेणूंना एकमेकांपासून पूर्ण सुटे करावे लागते, आणि शिवाय त्यांच्या वाफेला स्वतःसाठी जागा करून घेताना बाहेरची हवा मागे ढकलावी लागते. एक किलो पाणी म्हणजे एक लिटर; त्याची १०० अंशांवरची वाफ साधारण १,६७० लिटर जागा व्यापते. हवा मागे सारण्याच्या या कामात सुमारे १७० किलोज्यूल जातात. उरलेले दोन हजारांवर किलोज्यूल निव्वळ रेणूंची ताटातूट करण्यात संपतात.

ही गोष्ट प्रथम नीट ओळखली ती स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक (१७२८–१७९९) यांनी, आणि १७६२ मध्ये ग्लासगो येथे ती मांडली. त्यापूर्वी समज असा होता की बर्फ एकदा वितळण्याच्या तापमानाला पोहोचला की थोडीशी उष्णता दिली तरी तो सगळा पाणी होईल. ब्लॅक यांचा युक्तिवाद साधा होता: तसे असते, तर थंडी सरताच डोंगरावरचे सगळे बर्फ एकदम वितळून दरवर्षी महापूर आले असते. प्रत्यक्षात ते आठवडेच्या आठवडे रेंगाळत वितळते. त्याच विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणारा जेम्स वॅट थोड्याशा वाफेने एवढे पाणी कसे तापते, या कोड्यात अडकला होता. त्याचे उत्तर त्याला ब्लॅक यांच्याकडे मिळाले, आणि १७६५ मध्ये त्याला वाफेच्या इंजिनासाठी स्वतंत्र संघनकाची, म्हणजे वाफ थंड करून तिचे पाणी करणाऱ्या वेगळ्या भांड्याची, कल्पना सुचली.

पाच तुकड्यांपैकी सर्वांत जास्त ऊर्जा कोणत्या तुकड्यात लागते?

उकळण्याच्या तुकड्यात, आणि तीही इतकी की बाकीचे चारही मिळून तिच्या निम्म्यापर्यंत पोहोचत नाहीत. एक किलोचा हिशेब मांडून पाहू. उणे २० अंशांचा बर्फ शून्यापर्यंत आणायला ४२ किलोज्यूल. तो वितळवायला ३३४. पाणी शून्यापासून १०० अंशांपर्यंत तापवायला ४१८. त्याची वाफ करायला २,२५७. आणि वाफ १०० वरून १२० अंशांवर न्यायला सुमारे ४०. एकूण ३,०९१ किलोज्यूल, आणि त्यांतले जवळपास तीन चतुर्थांश अशा टप्प्यावर गेले, जिथे तापमापीवर काहीच घडताना दिसले नाही. तापमापीकडे पाहून खर्चाचा अंदाज बांधू गेल्यास माणूस फसतो तो इथेच.

बर्फाची चढती रेषा पाण्याच्या रेषेपेक्षा अधिक उभी का असते?

बर्फाची विशिष्ट उष्माधारकता किलोमागे प्रत्येक अंशाला २.१ किलोज्यूल, पाण्याची ४.१८. तेवढ्याच उष्णतेत बर्फ दुप्पट अंश चढतो, म्हणून त्याची रेषा अधिक उभी. वाफेचा आकडाही दोनच्या आसपास असल्याने तिची रेषा पुन्हा उभी होते. परीक्षेत आकृती काढताना तिन्ही चढ समांतर काढू नयेत.

आमच्या प्रयोगशाळेत पाणी १०० अंशांना उकळतच नाही. तापमापी खराब आहे का?

बहुधा नाही. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवेचा दाब कमी असतो, आणि पाणी उकळते केव्हा, तर त्याच्या बाष्पाचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका होतो तेव्हा. दाब कमी, तर उकळीही लवकर. ढोबळमानाने दर ३०० मीटर चढाला उत्कलनांक एका अंशाने उतरतो, त्या हिशेबाने बेळगावात पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या जवळपास उकळते. घाट उतरून गोव्याच्या किनाऱ्यावर गेल्यास तीच तापमापी १०० दाखवील.

प्रस्तुत लेखकाला हे शाळेत कुणी सांगितले नव्हते. आम्ही तिघांनी तीन वेळा वाचन घेतले, तिन्ही वेळा ९७ आणि ९८ च्या मध्ये पारा थांबला, आणि तरीही प्रयोगवहीत १०० लिहून घेण्यात आले, कारण पुस्तकात १०० होते. आज तो आकडा खोडावासा वाटतो. आलेखातली दुसरी सपाट रेषा कोणत्या उंचीवर येईल, हे दाबावर ठरते, आणि पुस्तकातले १०० हे समुद्रसपाटीवरच्या प्रमाण दाबाचे आहे. सपाट असण्यात मात्र फरक पडत नाही: साडेसत्त्याण्णवावर रेषा तितकीच आडवी असते.

याच गोष्टीची उलट बाजू म्हणजे प्रेशर कुकर. त्यात आतला दाब बाहेरच्या दाबाच्या जवळजवळ दुप्पट होतो, आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. तूरडाळ शिजते ती त्या वाढीव वीस-बावीस अंशांमुळे.

डाळीला उकळी आल्यावर जाळ मोठा ठेवला तर ती लवकर शिजते का?

उघड्या पातेल्यात नाही. उकळी आली की आपण सपाट रेषेवर आलो. आता शेगडीने कितीही उष्णता दिली तरी पाणी ९७-९८ अंशांच्या वर जात नाही, फक्त वाफ अधिक वेगाने होते. शिजण्याचा वेग तापमानावर अवलंबून असतो, बुडबुड्यांच्या संख्येवर नाही. उकळी टिकेल इतकाच मंद जाळ आणि वर झाकण पुरते. हिशेबच पाहायचा, तर घरच्या शेगडीतून भांड्यापर्यंत सुमारे ६५ टक्के उष्णता पोहोचते असे धरल्यास एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीला आणायला साधारण १० ग्रॅम गॅस लागतो आणि तेच पाणी संपूर्ण आटवायला आणखी ७५ ग्रॅमच्या आसपास. पातेल्यावरून उठणाऱ्या वाफेतून सिलिंडर रिकामा होतो तो असा.

गुऱ्हाळात रस उकळू लागल्यावरही तापमान चढत जाते. मग सपाट रेषा कुठे गेली?

निपाणीकडच्या एका गुऱ्हाळमालकाने हा प्रश्न विचारला, तेव्हा तो प्रथम चुकीचा वाटला. नंतर ध्यानात आले की पुस्तकातला आलेख शुद्ध पदार्थाचा असतो आणि काहिलीत शुद्ध पदार्थ नसतो.

उसाचा ताजा रस म्हणजे सुमारे चार पंचमांश पाणी आणि उरलेली बहुतांश साखर. पाण्यात साखर विरघळलेली असली की पाण्याच्या रेणूंना द्रवातून निसटणे किंचित अवघड होते, म्हणून उत्कलनांक वर सरकतो. सुरुवातीला हा फरक अर्ध्या अंशापेक्षाही कमी असतो, त्यामुळे आधण उकळू लागल्यावर पहिला बराच वेळ तापमापी ९८ अंशांच्या आसपास थांबल्यासारखी दिसते. पण वाफ होऊन जाते ते केवळ पाणी. साखर काहिलीतच राहते. रस जसजसा दाट होतो तसतसा उत्कलनांक सरकत जातो, आधी अगदी हळू आणि शेवटी झपाट्याने. काकवी उतरवायची तर साधारण १०५-१०६ अंशांवर, आणि ढेप धरणारा गूळ हवा असेल तर ११५ ते ११८ अंशांच्या दरम्यान. तेव्हा सपाट रेषा नाहीशी झालेली नसते. ती एका टोकाला वर वाकलेली असते.

गुळव्या तापमापी वापरत नाही. शेवटच्या टप्प्यात काहिलीतले बुडबुडे बारीक होऊन पाक फुगत-बसत असताना तो फावड्याच्या टोकावरून थोडासा पाक थंड पाण्याच्या वाटीत सोडतो आणि बोटांनी चाचपतो. पाक पसरला, तर अजून वेळ आहे. गोळी धरली आणि ती वाटीच्या कडेवर आपटल्यावर टक् असा आवाज आला, तर उतरवायला सांगतो. पाकात किती पाणी उरले आहे याचीच ती परीक्षा आहे, आणि किती पाणी उरले यावरच उत्कलनांक ठरत असल्याने ती तापमानाचीही परीक्षा होते. ११५ आणि ११८ मधला फरक काही मिनिटांत ओलांडला जातो, कारण तोवर उष्णता शोषून घेणारे पाणी जवळपास संपलेले असते. जळव्याने जाळ वेळेवर काढला नाही, तर तीच उष्णता आता साखर करपवू लागते आणि गूळ काळा पडतो.

आता इंधनाचा हिशेब. १०० किलो रसातून १२ किलो गूळ मिळाला आणि मळीतून तीनेक किलो गेले असे धरल्यास ८५ किलो पाण्याची वाफ झाली. रस २५ अंशांपासून उकळीपर्यंत तापवायला सुमारे २८ हजार किलोज्यूल लागतात, आणि ते ८५ किलो पाणी उडवायला १ लाख ९२ हजार. म्हणजे चुलवाणात घातलेल्या चिपाडाच्या (रस काढलेल्या उसाच्या चोथ्याच्या) प्रत्येक आठ पेंढ्यांपैकी रस तापवण्याच्या कामी एखादीच येते, बाकीच्या सगळ्या सपाट रेषेवर जळतात. भिंतीतून आणि धुराड्यातून वाया जाणारी उष्णता यात धरलेलीच नाही.

चिपाड ओले असले तर फरक पडतो का?

पडतो, आणि त्याचेही कारण अप्रकट उष्माच आहे. निम्मे पाणी असलेल्या एक किलो चिपाडात अर्धा किलो पाणी असते, आणि चिपाड जळण्याआधी त्या पाण्याची वाफ व्हावी लागते. त्यासाठी सुमारे १,३०० किलोज्यूल खर्च होतात, आणि ती वाफ धुराड्यातून निघून जात असल्याने ते रसाच्या कामी कधीच येत नाहीत. गुऱ्हाळासमोरच्या अंगणात चिपाड पसरून वाळवण्याची पद्धत आहे, तिथे हे काम सूर्य फुकट करतो.

कुंद्यासाठी दूध आटवताना ते शेवटीशेवटीच बुडाला का लागते?

दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते, आणि जोवर पाणी मुबलक आहे तोवर पातेल्याचा बुडाकडचा भाग पाण्याच्या उत्कलनांकाच्या फार वर जाऊ शकत नाही. येणारी उष्णता वाफ होण्यात जिरते. पाणी कमी झाले, दूध दाटले, की ढवळण्याशिवाय ते बुडापासून हलत नाही आणि बुडालगतचा थर कोरडा होऊन त्याचे तापमान भराभर चढते. तिथे प्रथिने आणि साखर यांची तांबूस होण्याची प्रक्रिया सुरू होते. बेळगावचा कुंदा तांबूस होतो तो याच चढामुळे, आणि करपतोही याच चढामुळे. दोहोंत अंतर हाताच्या वेगाचे. उलथने भांड्याच्या तळावरून खरवडत सतत फिरवायचे असते ते यासाठी.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) हा आलेख उलट काढतात, असे ऐकले. खरे आहे का?

खरे आहे, आणि शाळेतल्या या धड्याचा इतका रोकडा उपयोग दुसरीकडे क्वचितच दिसतो. उलट आलेखाला शीतन-आलेख म्हणतात: पदार्थ तापवण्याऐवजी निवू द्यायचा आणि तापमान नोंदवत जायचे. गोठताना पदार्थ तेवढीच उष्णता परत देतो, जेवढी त्याने वितळताना घेतली होती, म्हणून निवणाऱ्या रेषेतही सपाटी येते. शुद्ध लोखंड १,५३८ अंशांवर वितळते आणि गोठते, आणि त्या एकाच तापमानावर किलोमागे सुमारे २४७ किलोज्यूल देवघेव होते.

ओतकामातले बीड, म्हणजे ओतीव लोखंड, मात्र शुद्ध लोखंड नव्हे. त्यात कार्बन आणि सिलिकॉन असतात, त्यामुळे ते कमी तापमानावर आणि एका बिंदूवर नव्हे तर एका पट्ट्यात गोठते. भट्टीतून लाडलने, म्हणजे लांब दांड्याच्या पळीने, वितळलेल्या धातूचा थोडा रस काढून रेतीच्या छोट्या कपात ओततात. कपाच्या मध्यभागी थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तारांची जोडी, बसवलेला असतो आणि यंत्र त्याचे तापमान सेकंदागणिक आखत जाते. रेषा उतरता उतरता पहिल्यांदा अडखळते, ती गोठण्याची सुरुवात होते तेव्हा. दुसऱ्यांदा ती १,१५० अंशांच्या आसपास अडखळते, तेव्हा उरलेला रस गोठतो. पहिला थांबा कुठे आला यावरून रसात कार्बन आणि सिलिकॉन मिळून किती आहेत याचा अंदाज मिनिट-दोन मिनिटांत लागतो, आणि साच्यात ओतण्यापूर्वी मिश्रण सुधारता येते.

तिथल्या कामगारांना आणखी एक गोष्ट दिसते, जी पाठ्यपुस्तकाच्या आकृतीत नसते. दुसऱ्या थांब्यापाशी रेषा आधी थोडी खाली बुडते आणि मग पुन्हा वर येऊन आडवी होते. निवणाऱ्या वस्तूचे तापमान मध्येच वाढते कसे, हे पाहून मुले गोंधळतात. द्रवाला गोठायला सुरुवात करण्यासाठी बीजकण लागतात; ते वेळेवर मिळाले नाहीत, तर तो गोठणांकाच्या खाली उतरूनही द्रवच राहतो. मग एकदा गोठणे सुरू झाले की अप्रकट उष्मा एकदम मोकळा होतो आणि त्यानेच तापमान परत वर चढते.

सगळ्या पदार्थांना सपाट रेषा असते का?

शुद्ध, स्फटिकमय पदार्थांना असते. शाळेत डांबराच्या गोळ्यांवर, म्हणजे नॅप्थलीनवर प्रयोग करतात, त्याची सपाटी ८० अंशांच्या जवळ छान येते. तूप, मेण आणि रस्त्याचे डांबर ही मिश्रणे आहेत. ती हळूहळू मऊ होत जातात आणि आलेखात नेमकी सपाटी सापडत नाही.

उकळत्या पाण्यापेक्षा वाफेने जास्त का भाजते? तापमान तर सारखेच असते.

दहा ग्रॅम उकळते पाणी त्वचेवर पडून शरीराच्या तापमानाला आले तर सुमारे २.६ किलोज्यूल उष्णता देते. दहा ग्रॅम वाफ आधी त्वचेवर पाणी होते, त्यात २२.६ किलोज्यूल देते, आणि मग त्या पाण्याचे वरचे २.६ देते. जवळजवळ दहापट. भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट किंवा बर्फ लावू नये.

माठातले पाणी उन्हाळ्यात गार होते, पावसाळ्यात का होत नाही?

बाष्पीभवनाला उकळण्याची वाट पाहावी लागत नाही. ते कोणत्याही तापमानाला होते, आणि अप्रकट उष्मा तेव्हाही लागतोच. ३० अंशांवर तो किलोमागे सुमारे २,४३० किलोज्यूल आहे, म्हणजे उकळतानापेक्षा थोडा अधिक. खानापूरच्या मातीची मडकी पाझरतात. पृष्ठभागावर आलेले पाणी उडताना लागणारी उष्णता माठातल्या पाण्याकडून ओढून घेते. दहा लिटरच्या माठातून २०० ग्रॅम पाणी उडाले आणि सगळी उष्णता आतल्या पाण्यातूनच घेतली गेली, तर ते साडेअकरा अंशांनी उतरेल. बाहेरूनही उष्णता शिरत असल्याने प्रत्यक्षात इतके होत नाही. जुलैमध्ये खानापूरच्या हवेत आधीच भरपूर बाष्प असते, पाझरलेले पाणी उडत नाही, माठ नुसताच ओला राहतो.

सरबतात बर्फाऐवजी बर्फासारखे गार पाणी घातले तर चालेल का?

चव तितकीच पातळ होईल आणि सरबत मात्र तेवढे गार होणार नाही. ३० अंशांचे २०० ग्रॅम कोकम सरबत शून्यापर्यंत आणायला सुमारे २५ किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. ७५ ग्रॅम बर्फ केवळ वितळण्यात तेवढे घेतो. त्याऐवजी शून्य अंशांचे ७५ ग्रॅम पाणी ओतले, तर मिश्रण जवळपास २२ अंशांवर थांबते. दोन्ही वेळा घातलेली वस्तू शून्य अंशांचीच होती.

याच गणितात मुलांची एक चूक सतत दिसते: वितळण्याचा उष्मा धरतात, आणि वितळून झालेले पाणी पुढे तापते हे विसरतात, किंवा उलट. वरील उदाहरणात अंतिम तापमान शून्य घेतल्यामुळे तो प्रश्न आला नाही. अंतिम तापमान १० अंश विचारले, तर दोन्ही पदे लिहावी लागतील.

कुल्फीच्या मडक्यात बर्फाबरोबर मीठ का घालतात?

मिठामुळे गोठणांक उतरतो, शून्य अंशांखालीही बर्फ वितळू लागतो आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता तो स्वतःच्या मिश्रणातून आणि कुल्फीच्या साच्यातून घेतो. मीठ आणि बर्फ यांचे योग्य प्रमाण साधल्यास मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. दूध-साखरेचे मिश्रण शून्याला गोठत नाही, म्हणून नुसता बर्फ पुरत नाही.

वाफेचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते, तर पाऊस पडताना ती कुठे जाते?

पाऊस जमिनीवर पडताना नव्हे, ढगात बाष्पाचे थेंब होताना ती बाहेर पडते आणि तिथल्याच हवेला मिळते. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक किलो पाणी, आणि त्यामागे ढगात सुमारे २,५०० किलोज्यूल मोकळे झालेले असतात. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीच्या डोंगरांवर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर प्रत्येक चौरस मीटरमागे ढगांना मिळालेली उष्णता पाच किलोहून अधिक गॅस जाळल्याइतकी होते. त्या उष्णतेने हवा हलकी होऊन आणखी वर चढते, वर जाऊन निवते आणि तिच्यातले आणखी बाष्प थेंब बनते. अरबी समुद्रावर सूर्याने पाण्यात घातलेली ऊर्जा अशा रीतीने शेकडो किलोमीटर दूर येऊन घाटमाथ्यावर परत मिळते. वाटेत ती कुठल्याही तापमापीला दिसत नाही.

घरी किंवा शाळेत हा आलेख काढायचा असेल तर काय काळजी घ्यावी?

बर्फ बारीक फोडून घ्यावा आणि सतत ढवळत राहावे, नाहीतर तळाचे पाणी तापलेले आणि वरचा बर्फ न वितळलेला अशी स्थिती होऊन पहिली सपाट रेषा वाकडी येते. तापमापीचा फुगा भांड्याच्या बुडाला टेकू देऊ नये. जाळ एकदा ठरवला की शेवटपर्यंत बदलू नये, कारण आडव्या अक्षावरची वेळ ही उष्णतेच्या जागी धरलेली असते आणि जाळ बदलला की ती अदलाबदल चालत नाही. वाचन दर अर्ध्या मिनिटाला घ्यावे. भांडे कोरडे होण्याआधी, तळाशी बोटभर पाणी असतानाच, जाळ बंद करावा; मोठ्या माणसाने जवळ असावे.

पाव किलो बर्फ वितळायला पाच मिनिटे लागली, तर ते पाणी उकळीपर्यंत यायला आणखी सहा मिनिटे लागतील, आणि सगळे आटवायचे म्हटले तर त्यानंतर चौतीस मिनिटे. आलेखाचा कागद म्हणून सुरुवातीपासूनच आडवा धरावा; उभ्या कागदावर उकळीची रेषा मावत नाही.